लेकीला सायकलवर शाळेत पाठवू का?

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागच्या बाजूला राहतो. मुलगी सहावीत आहे, अकरा पूर्ण झाली. शाळा घरापासून सव्वादोन किलोमीटर. सकाळी सात-दहाला भरते, साडेबाराला सुटते. आत्तापर्यंत रिक्षानं जायची, पण त्या रिक्षात मुलं अक्षरशः कोंबलेली असतात. वाढदिवसाला मामानं सव्वीस इंची गिअरची सायकल दिली आणि तेव्हापासून एकच धोशा आहे, जूनपासून सायकलवरच जाणार. कॉलनीत ती छान चालवते. पण शाळेच्या वाटेवर एक मोठा चौक आहे, एसटी आहेत, डंपर आहेत आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. आमचे मिस्टर म्हणतात, ‘नववीत गेली की स्कूटीच देऊ, सायकल नको.’ सासरे म्हणतात, ‘पोरीच्या जातीला एकटीनं कशाला जायचं?’ मला तिला पाठवावंसं वाटतं आणि छातीत धडकीही भरते. पाठवू का? पाठवलं तर किती दिवस तिच्या मागं जाऊ?
– एक आई, सांगली

ताई,

पाठवा. पण जूनमध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी एकटीला नको. परीक्षा संपली की तुमच्या हातात सुट्टीचे दीडएक महिने आहेत. त्या काळात तुम्ही दोघींनी मिळून हा सव्वादोन किलोमीटरचा रस्ता शिकायचा आहे, आणि तोही सायकलवर बसूनच. तुमच्याकडं सायकल नसेल तर शेजारपाजारची मागून आणा. स्कूटीवरून तिच्या मागं जाऊन हे काम होत नाही. कडेची वाळू, गटारावरची मोडकी जाळी, डांबर संपून बाजूपट्टी सुरू होते तिथली तीन-चार बोटांची पायरी, हे स्कूटीवर जाणवतसुद्धा नाही. सायकलच्या बारीक चाकाला ते सगळं जाणवतं, आणि मुलं पडतात ती अशाच ठिकाणी.

कॉलनीत ती छान चालवते याचा अर्थ तिला तोल आला, ब्रेक कळला. रस्त्यावर लागतं ते निराळंच. मी बरीच वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. मैदानावर हात सोडून सायकल पळवणारी मुलं रस्त्यावर गांगरतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. मागून गाडीचा आवाज आला की ती वळून बघतात, आणि जिकडं बघतात तिकडंच हँडल वळतं. मागं बघताना सायकल सरळ ठेवणं ही गोष्ट मुलांना कुणी शिकवतच नाही. रस्त्यावर मात्र सगळ्यात जास्त गरज त्याचीच पडते.

पण आधी सायकलचं बघू. मामांनी प्रेमानं दिली आहे, तरी स्पष्ट सांगते, अकरा वर्षांच्या मुलीला सव्वीस इंची बहुतेक वेळा मोठीच पडते. वाढत्या अंगाची म्हणून फ्रॉक दोन बोटं मोठा शिवतात, तशी सायकल घेऊन चालत नाही. तिला सीटवर बसवून बघा. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. सीटच्या पुढं उतरून उभी राहिली की मधला दांडा आणि ती यांच्यात दोन-तीन बोटं जागा सुटली पाहिजे. हँडलची पकड न सोडता तिची बोटं ब्रेकवर पोहोचली पाहिजेत. यातलं एक जरी जमत नसेल, तर दुकानात जाऊन चोवीस इंची बदलून मागा. बदलून मिळाली नाही तर चांगल्यातली जुनी चोवीस इंची घ्या आणि ही दोन वर्षं माळ्यावर ठेवा. मामा रागावणार नाहीत, कारण नीट सांगितलं तर हे कुणालाही पटतं. गिअरचा आग्रहही सोडा. सांगली सपाट आहे, चढ नाही की उतार नाही. नवखी मुलं गिअर बदलताना खाली चेनकडं बघत राहतात आणि समोरचा रस्ता तेवढा वेळ वाऱ्यावर असतो.

आता मैदान. रविवारी सकाळी जवळच्या मोकळ्या मैदानावर जा आणि फक्कीनं वीस-पंचवीस पावलांची सरळ रेघ मारा. फक्की नसेल तर रांगोळी चालेल. तिला रेघेवरून सायकल चालवायला सांगा, तुम्ही मागं उभ्या राहा आणि हाक मारा. तिनं उजव्या खांद्यावरून मागं बघायचं, तुम्ही वर केलेली बोटं मोजायची, आकडा ओरडून सांगायचा, आणि या सगळ्यात चाक रेघेवरून हलू द्यायचं नाही. सुरुवातीला चाक हातभर उजवीकडं जाईलच. हा हातभर म्हणजे रस्त्यावर मागून येणाऱ्या मोटरसायकलचा पुढा. हनुवटी खांद्याकडं ने, मान वळव पण खांदे वळवू नकोस, हात घट्ट आवळू नकोस, असं सांगत राहा. काही रविवारांत हे अंगवळणी पडतं. मग हेच एक हात सोडून करायला लावा, म्हणजे वळताना हात दाखवणं जमेल. शेवटी ब्रेक. तुम्ही अचानक हात वर केलात की तिनं दोन्ही ब्रेक एकदम दाबून थांबायचं. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक उचललं जातं आणि मूल हँडलवरून पुढं फेकलं जातं. आपल्याकडं सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण तिच्या सायकलचा कोणता ते तुम्ही स्वतः तपासा.

मैदानावर हे जमल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका, मग ती कितीही रुसो.

रस्ता निवडताना जवळचा रस्ता हा चांगला रस्ता नव्हे. सांगली-मिरज रस्ता किंवा शंभर फुटीसारखे रुंद, सरळ रस्ते मोकळे दिसतात, आणि मोकळे दिसतात म्हणूनच तिथं गाड्या सुसाट असतात. आतल्या कॉलन्यांमधून वळसा घेतल्यानं सव्वादोनाचे तीन किलोमीटर झाले तरी सायकलवर पाच मिनिटांचा फरक पडेल. एखाद्या सुट्टीच्या सकाळी दोघी चालत जा. हो, चालत. तिच्या हातात कागद-पेन द्या आणि वाटेचा नकाशा तिलाच काढू द्या. गाड्या बाहेर येतात ती फाटकं, भटकी कुत्री बसतात ती कचराकुंडी, पावसात पाणी साठतं तो खड्डा, रिक्षा थांबतात तो कोपरा, हे सगळं तिनं स्वतः टिपायचं. तुम्ही सांगितलेलं ती विसरेल. स्वतः कागदावर उतरवलेलं लक्षात राहतं.

त्या मोठ्या चौकाची तुम्हाला धास्ती आहे आणि ती बरोबर आहे. अकरा वर्षांच्या मुलीनं तो चौक सायकलवर बसून ओलांडायचाच नाही. चौकाच्या अलीकडं कडेला थांबायचं, उतरायचं आणि सायकल हातात धरून झेब्रा पट्ट्यांवरून चालत जायचं. मैत्रिणींसमोर कमीपणा वाटला तरी हा नियम मोडायचा नाही. त्यामागचं कारण तिलाही सांगा. लांबून येणारी गाडी किती वेगानं येते आहे हे मुलांना आपल्याइतकं कळत नाही. ब्रिटनमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांवर संशोधन झालं, त्यात दिसलं की ताशी तीसेक किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं येणाऱ्या गाडीचा वेग मुलांना नीट ओळखता येत नाही. यात मुलांचा हलगर्जीपणा नाही, डोळ्यांची आणि मेंदूची ती जाण वयानुसारच पक्की होते. तुमची लेक त्या वयातून आत्ता कुठं बाहेर पडते आहे. ताशी पन्नासनं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर अंतर कापते. ‘जाईन की पटकन’ या अंदाजावर तिला सोडायचं नाही.

रस्त्यावर डावीकडून चालायचं हे सगळेच सांगतात. मी त्यात एक भर घालते, अगदी कडेला चिकटून चालायचं नाही. कडेपासून हात-दीड हात जागा सोडून चालायचं. वाळू, जाळ्या, काचा सगळं कडेलाच जमतं, आणि तिथं अडखळलं की मूल रस्त्याच्या आत पडतं. उभ्या गाडीजवळून जाताना दार उघडेल एवढी जागा सोडायची. पुढं रिक्षा थांबली असेल तर तिच्या डावीकडून घुसायचं नाही, कारण रिक्षातून माणसं तिकडंच उतरतात.

आता उसाच्या ट्रॉल्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात मुलांना याचा खरा धोका आहे आणि वाहतुकीच्या धड्यात याविषयी एक ओळ नसते. साधारण दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू होतं ते मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. सांगलीत तर साखर कारखाना शहरालाच लागून आहे. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर वरपर्यंत रचलेला ऊस, दोन्ही बाजूंनी वाढी (उसाचे शेंडे) आणि कांड्या बाहेर आलेल्या. चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. टेपचा आवाज एवढा असतो की सायकलची घंटी सोडा, मोटारीचा हॉर्नही त्याला ऐकू जात नाही. आणि मुलांना हे वाहन भीतीचं वाटत नाही, कारण ते हळू चालतं.

तिथंच घात होतो. ट्रॅक्टर डावीकडं वळतो तेव्हा मागच्या ट्रॉल्यांची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, ती आतल्या बाजूनं रस्ता कापत येतात. दुसऱ्या ट्रॉलीचं चाक तर आणखी आत येतं. ट्रॅक्टर पुढं वळून गेला म्हणून डावीकडच्या कडेला निर्धास्त थांबलेली सायकल त्या चाकाखाली सापडते. हे तिला तोंडानं सांगून कळणार नाही. एखाद्या वळणावर सुरक्षित अंतरावर, शक्यतो एखाद्या ओट्यावर उभ्या राहून दोघींनी ट्रॉली वळताना बघा. मागचं चाक कुठून जातं ते तिला बोटानं दाखवायला सांगा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की ती आयुष्यात कधी ट्रॉलीच्या डाव्या अंगाला थांबणार नाही. एसटी आणि डंपरलाही तोच नियम. मोठं वाहन वळणार असेल तर त्याच्या मागं लांब थांबायचं, शेजारी कधीच नाही.

आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा नाही, ट्रॉली धरून सायकल ओढून घ्यायची नाही. आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मुलं हे करत आली आहेत आणि मोठी माणसं हसून सोडून देतात. हसू नका. वाढ्याला हात घातला आणि अख्खी मोळी सुटली तर मूल कुठं पडेल याचा विचार करा. तिला ऊस हवा असेल तर बाजारातून आणून द्या, सोलून द्या, पण या बाबतीत तुमचा आवाज कडकच राहू दे.

सकाळच्या अंधाराचंही बघायला हवं. सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, पण मोठी मुलं त्यातून सुटली. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे तुमची लेक पावणेसातला निघेल तेव्हा पुरतं उजाडलेलंही नसेल. मागं लाल दिवा, पुढं पांढरा दिवा, आणि दप्तरावर चमकणारी पट्टी शिवून घ्या. गडद निळा स्वेटर त्या उजेडात दिसतच नाही, वरून फिकट जाकीट घालू दे. पावसाळ्यात छत्री धरून सायकल चालवायची नाही, रेनकोट घालायचा. पाणी साठलेल्या खड्ड्यातून सायकल घालायची नाही, कारण तळ दिसत नाही. ओल्या रिमवर ब्रेकची रबरं घसरतात, तेव्हा ब्रेक आधीपासून दाबायला सुरुवात करायची.

हेल्मेट सायकलस्वाराला कायद्यानं सक्तीचं नाही, पण तुमच्या घरात ते सक्तीचं करा. भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे, मागं कलंडलेलं नको, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतकं घट्ट हवं. शाळेच्या नियमाप्रमाणं वर बांधलेल्या दोन वेण्यांवर ते बसत नाही, म्हणून बऱ्याच मुली ते हँडलला अडकवून नेतात. वेण्या खाली, मानेजवळ घाला, नाही तर हेल्मेट असून नसल्यासारखं. दप्तर हँडलला लटकवायचं नाही, कॅरिअरला रबरी पट्ट्यानं बांधायचं. कुत्रं मागं लागलं तर सायकल पळवायची नाही. उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि सावकाश चालायचं. धावणाऱ्या चाकामागं ते लागतं, थांबलेल्या माणसाचा त्याला सहसा कंटाळा येतो.

मिस्टरांच्या बोलण्याबद्दल. सायकल धोक्याची आणि नववीत स्कूटी चालेल, हा विचार मला फार घरांत दिसतो आणि फार काळजी वाटते. नववीतलं मूल चौदा-पंधरा वर्षांचं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचा, आणि दुकानात दिसणाऱ्या स्कूटी त्यापेक्षा मोठ्या इंजिनच्या असतात. त्यांना अठरा पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड बाजूला ठेवा. आज ताशी बारा-पंधराच्या वेगानं रस्ता वाचायला शिकलेली मुलगी पुढं अठराव्या वर्षी गाडीवर बसेल तेव्हा तिला चौक कळलेला असेल. काहीच न शिकता थेट पन्नासच्या वेगावर बसणारी मुलगी जास्त धोक्यात आहे. हे मिस्टरांना वाद न घालता सांगा, आणि एका रविवारी त्यांनाच मैदानावर बोटं वर करून उभं करा.

सासऱ्यांना मात्र मी वेगळं सांगेन. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींची संख्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाढली आणि मुलगा-मुलगी यांच्यातलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. खेड्यापाड्यातल्या मुली रोज चार-पाच किलोमीटर जातात. ‘पोरीची जात’ म्हणून रस्ता बंद केला, की त्याबरोबर पुढची शाळा, क्लास आणि कॉलेजही बंद होतं.

तरी आजोबांच्या काळजीत जे खरं आहे ते झटकू नका. कुणी मागं लागणं, घाणेरडं बोलणं, वाटेत अडवणं, हे होतं. मुली घरी सांगत नाहीत, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे सांगितलं की सायकल बंद होईल ही भीती. म्हणून पहिल्याच दिवशी, सासऱ्यांच्या देखत, तिला शब्द द्या, ‘वाटेत काहीही झालं आणि तू आम्हाला सांगितलंस, तर तुझी सायकल बंद होणार नाही. आम्ही रस्ता बदलू, सोबत येऊ, त्या माणसाचं बघून घेऊ, पण शिक्षा तुला होणार नाही.’ आणि तो शब्द पाळा. वाटेवरची दोन दुकानं तिच्या ओळखीची करून द्या, एखादं किराणाचं, एखादं मेडिकल, जिथं ती बिनदिक्कत शिरू शकेल. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आणि ११२ तिला पाठ असू दे.

एकटीपेक्षा चौघी बऱ्या. तुमच्याच बाजूनं त्या शाळेत जाणाऱ्या आणखी मुली शोधा. बार्सिलोनात पालक मुलांचा सायकलींचा जथाच काढून शाळेत नेतात, ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यावर मुलं येऊन मिळत जातात. आपल्याकडं एवढा थाट नसला तरी चार आया आळीपाळीनं सोबत जाऊ शकतात. मुलींना फक्त बजावा की एकीमागं एक चालायचं, गप्पा शाळेत गेल्यावर.

मग चौघी मिळून मुख्याध्यापकांना भेटा. शाळा भरता-सुटताना फाटकासमोर जी झुंबड होते ती बहुतेक आपल्याच, पालकांच्या, गाड्यांची असते. सायकलवाल्या मुलांना पाच मिनिटं आधी सोडा, त्यांच्यासाठी शक्य असेल तर वेगळं फाटक ठेवा, पालकांनी गाड्या शंभर पावलं अलीकडं थांबवाव्यात, हे तीन मुद्दे लेखी द्या. शाळेत आरएसपीचं, म्हणजे रस्ता सुरक्षा दलाचं, पथक असेल तर त्या मुलांना फाटकावर उभं करता येईल. नेदरलँड्समध्ये आज मुलं निर्धास्त सायकलवर जातात, पण १९७१ मध्ये तिथं रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यात चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा तिथले आईबाप रस्त्यावर उतरले, म्हणून रस्ते बदलले. आणि आजही तिथली मुलं साधारण अकरा-बाराव्या वर्षी खऱ्या रस्त्यावर सायकलची परीक्षा देतात. तुमच्या लेकीएवढीच.

शेवटचा प्रश्न, किती दिवस मागं जायचं? दिवस मोजू नका, तिचं बोलणं ऐका. सुरुवातीला तुम्ही पुढं आणि ती मागं, म्हणजे तिला तुमची चाल दिसेल. मग ती पुढं, तुम्ही मागं, आणि तिनं जाताना मोठ्यानं बोलायचं, ‘पुढं रिक्षा थांबली, कुणी उतरेल. फाटक उघडं आहे. मागून गाडी येतेय.’ तुमच्या ध्यानात येण्याआधी हे तिच्या तोंडून यायला लागलं आणि आठवडाभर येत राहिलं, की तुम्ही चौकापर्यंतच जा. चौक तिला उतरून ओलांडू द्या आणि मागं फिरा. महिनाभरानं घरापासूनच सोडा, पण अधूनमधून न सांगता चौकात जाऊन उभ्या राहा आणि ती खरंच उतरते का ते बघा. उतरत नसेल तर दोन दिवस सायकल घरी आणि पुन्हा सोबत. दिवाळीनंतर ट्रॉल्या सुरू झाल्या की परत एक आठवडा तिच्या मागं जा, कारण रस्ता तोच असला तरी त्यावरची वाहनं बदललेली असतात.